फुकट खात्याचं भाडं

(या सदरासाठी वेगवेगळ्या देशांतून पत्रं येतात. त्यामुळे खालच्या उदाहरणांतले आकडे हिशोबाच्या सोयीनं घेतलेले आहेत. ते आपापल्या चलनात वाचावेत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. नोकरी सोडून तीन वर्षं झाली. महिन्याला चार-पाच बिलं होतात, त्यातलं एक बहुधा परदेशातल्या प्रकाशकाचं, ५०० डॉलरच्या आसपास. आजवर सगळे पैसे घरखर्चाच्या खात्यातच येत होते. यंदा माझा हिशोब लिहिणारे गृहस्थ वैतागले आणि म्हणाले, कामाचं खातं वेगळं काढा. बँकेत चौकशी केली, तर चालू खात्यात कायम ५० हजार ठेवा म्हणतात. तेवढे पडून असते तर आणखी काय हवं होतं! दुसरीकडे एक अ‍ॅप रोज जाहिरात दाखवतं : पाच मिनिटांत खातं, शुल्क शून्य. मला सगळ्यांत स्वस्त खातं कुठलं ते सांगा. आणि वेगळं खातं खरंच लागतं, की ती फक्त हिशोबनीसांची सोय?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर ‘नाही’ असतं, तर पुढचं सगळं वाचायचे तुमचे कष्ट वाचले असते.

तुम्ही स्वतःच्या नावानं काम करता, कंपनी काढलेली नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही आणि तुमचं काम एकच. कंपनीचं तसं नसतं. ती कायद्यानं वेगळी व्यक्ती, तिचे पैसे मालकाच्या घरच्या खात्यात वळवले की गोत्यात यायला वेळ लागत नाही. एकट्यानं काम करणाऱ्यावर अशी सक्ती कायदा सहसा करत नाही. फ्रान्ससारखा एखादा देश करतो. तिथं सलग दोन वर्षं उलाढाल १० हजार युरोंच्या वर गेली, की एकट्यादुकट्या कारागिरालाही कामासाठी स्वतंत्र खातं ठेवावं लागतं. पण गंमत बघा, ते ‘व्यावसायिक’ खातंच हवं असं तिथला कायदाही म्हणत नाही. वेगळं असलं की झालं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

खरी आडकाठी असते बँकेची. घरगुती खातं उघडताना आपण ज्या बारीक अक्षरांखाली सही करतो, त्यात पुष्कळदा ‘हे खातं व्यवसायासाठी वापरणार नाही’ असं वाक्य असतं. मी काउंटरच्या आतल्या बाजूला २६ वर्षं काढली, तेव्हा आतून हे कसं दिसतं ते सांगते. महिन्याला एकाच ठिकाणाहून पगार येतो ते खातं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. वेगवेगळ्या पाच-सात नावांनी पैसे यायला लागले, शेऱ्यात ‘बिल क्र.’ दिसायला लागलं, त्यात एखादी रक्कम परदेशातून, की यंत्रणाच ते खातं बाजूला काढते आणि कुणीतरी फोन करतं. फोन गोड असतो. पण उत्तर मिळेपर्यंत खातं थोपवलेलं राहू शकतं, आणि घरभाड्याची तारीख नेमकी त्याच आठवड्यात असते.

दुसरं कारण साधं आहे, मला तेच जास्त पटतं. आमच्याकडे एक छायाचित्रकार यायचे. कर भरायचा महिना आला की वर्षाचं स्टेटमेंट छापून घ्यायचे आणि काउंटरसमोरच्या बाकावर दोन रंगांचे मार्कर घेऊन बसायचे. पिवळा कामाचा, गुलाबी घरचा. पहिली तीन पानं झपाझप व्हायची. मग एखाद्या ओळीवर मार्कर हवेतच थांबायचा : ही ७ हजारांची रक्कम कामाचा आगाऊ हप्ता, की मेहुण्यानं परत केलेली उसनवारी? मेहुण्याला फोन लावायचे. मेहुण्यालाही आठवायचं नाही. शेवटी चिडून त्या ओळीवर दोन्ही रंग. तुमचे हिशोबनीस का वैतागले असतील ते मला त्या बाकावरून कळतं.

आता स्वस्त खातं कुठलं. तुम्ही विचारलंत ‘सगळ्यांत स्वस्त’, आणि मी बँकेचं नाव सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. नाव सांगणार नाही. एकाला फुकट पडणारं खातं दुसऱ्याला महाग पडतं, कारण खात्याची किंमत तुमच्या व्यवहारांवर ठरते. त्यासाठी एक तास काढा. मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि कागदावर फक्त मोजा : पैसे किती वेळा आले, किती वेळा गेले, रोखीनं काही होतं का, चेक लागतो का, परदेशातून किती. बँकेच्या संकेतस्थळावर तळाशी, शोधल्याशिवाय सापडणार नाही अशा जागी, शुल्कांचा तक्ता असतो. जाहिरात मिटा आणि तो तक्ता उघडा. तुमचे आकडे त्यात घाला आणि वर्षाची बेरीज करा. महिन्याची करू नका, वर्षाची करा. वर्षातून एकदाच लागणारे आकार महिन्याच्या बेरजेत दिसत नाहीत.

तुमच्यासारख्या चित्रकर्तीला रोख भरणा नाही, चेकबुक नाही, रोजच्या पन्नास नोंदी नाहीत. बँकेचं मोठं चालू खातं बनलेलं असतं ते दुकानदाराला डोळ्यांसमोर ठेवून. त्याला गल्ला भरायचा असतो, चेक वटवायचे असतात, वेळेला ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लकेपेक्षा जास्त पैसे काढायची सोय लागते. किमान शिल्लक ठेवून त्यानं ते सगळं वापरलं तर त्याला परवडतं. तुम्ही त्यातलं काहीच वापरणार नाही आणि ५० हजार मात्र अडकवणार.

ती किमान शिल्लक ‘फुकट’ समजू नका, ते भाडंच आहे. चालू खात्यावर बहुतेक ठिकाणी व्याज नसतं. तेच ५० हजार दुसरीकडे ४ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २ हजार मिळाले असते. म्हणजे ‘मासिक शुल्क नाही’ म्हणणारं हे खातं तुम्हाला वर्षाला २ हजारांना पडतं. शेजारची बँक महिन्याला १५० घेऊन शिल्लकीची अट ठेवत नसेल, तर तिचे होतात १,८००. महागडी वाटणारी बँक २०० नं स्वस्त निघाली, आणि तुमचे ५० हजार तुमच्या हाताशी राहिले ते वेगळंच.

शिल्लक ठेवायचीच झाली, तर ती मोजतात कशी हे विचारून घ्या. ‘रोज किमान १० हजार’ आणि ‘महिन्याची सरासरी १० हजार’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरासरी म्हणजे रोजच्या शिल्लकेची बेरीज भागिले दिवस. तीस दिवसांच्या महिन्यात बेरीज ३ लाख भरली की झालं. समजा पहिले वीस दिवस खात्यात २ हजारच होते, म्हणजे ४० हजार भरले. उरलेल्या दहा दिवसांत रोज २६ हजार राहिले तरी सरासरी पुरी होते. तुमचं मोठं बिल कधी जमा होतं आणि तुम्ही ते घरच्या खात्यात कधी वळवता, एवढ्यावर दंड बसणार की नाही हे ठरतं. काउंटरवर हे आपण होऊन कुणी सांगत नाही. विचारलं तर सांगतात, आम्ही तरी सांगायचो.

आणि ‘पहिलं वर्ष मोफत’ लिहिलं असेल, तर तेराव्या महिन्याची तारीख आजच भिंतीवर लिहा. निवृत्तीनंतर मी दोन-तीन छोट्या व्यावसायिकांचे हिशोब लिहायला घेतले आणि असंच एक खातं उघडलं. बँकेचं नाव घेत नाही, चूक माझीही होती. कळवण्या जात होत्या माझ्या जुन्या ईमेलवर, तो मी उघडतच नव्हते. तेराव्या महिन्यापासून शुल्क सुरू झालं, खात्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून शिल्लक कमी असल्याचा दंड, आणि त्या दंडामुळे शिल्लक आणखी कमी. चार महिन्यांनी पाहिलं तेव्हा शिल्लकेच्या आकड्यामागे उणे चिन्ह उभं! खातं बंद करायला गेले, तर तरुण मुलगा म्हणाला, “मॅडम, आधी उणे रक्कम भरा, मग बंद करायचा अर्ज. बंद करायचेही चार्जेस आहेत.” हेच वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! घरी येईपर्यंत हसत होते, भरलेल्या पैशांचं हसू मात्र येईना.

आता परदेशी बिलाकडे येऊ. तुमचे खरे पैसे इथं गळतात, आणि पत्रात तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

परदेशातून पैसे ‘स्विफ्टनं आले’ असं आपण म्हणतो. स्विफ्ट ही १९७३ मध्ये स्थापन झालेली, बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली बँकांची सहकारी संस्था. ती पैसे वाहून नेत नाही, फक्त निरोप नेते. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या खात्यांतून, जुन्या हुंडीसारखे : इकडच्या पेढीनं चिठ्ठी द्यायची, तिकडच्या ओळखीच्या पेढीनं पैसे मोजायचे. दोन बँकांची थेट ओळख नसेल तर मधे तिसरी येते, कधी चौथीही. आणि मधला कुणी फुकट चिठ्ठी पोचवत नाही.

तुमच्या ५०० डॉलरांवर मांडून बघू. मधल्या बँकेनं १५ कापले, उरले ४८५. तुमच्या बँकेनं चलन बदलताना बाजारातल्या मधल्या दरापेक्षा (खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमध असतो तो) २ टक्के कमी दर लावला, गेले ९.७०. वर स्वीकारण्याचा आकार म्हणून ८. हातात आले ४६७.३०. सहा टक्क्यांहून जास्त गेले. यातले १५ आणि ८ निदान कुठंतरी लिहिलेले सापडतात. ते ९.७० कुठल्याच ओळीत नसतात, कारण ते शुल्क नसून ‘दर’ असतो. पैसे जमा झाले त्या दिवशीचा मधला दर इंटरनेटवर पाहायचा, बँकेनं लावलेला दर शेजारी लिहायचा आणि वजाबाकी करायची. दुसरी युक्ती नाही.

हेच बिल ५ हजार डॉलरचं असतं तर? १५ आणि ८ तेवढेच राहिले असते, पण दरातला फरक झाला असता ९९.७०. म्हणून लहान बिलं असलेल्यानं ठरावीक आकारांकडे बघावं आणि मोठी बिलं असलेल्यानं दराकडे. तुम्ही पहिल्या गटातल्या. प्रकाशकाला सांगा, दोन महिन्यांचं एकत्र पाठवा. तो तयार असेल तर १५ आणि ८ हे आकार वर्षातून बारा वेळा जाण्याऐवजी सहा वेळा जातील. १३८ डॉलर वाचले, आणि त्यासाठी कुठलीही बँक बदलावी लागली नाही.

पैसे पाठवणाऱ्याच्या अर्जावर तीन अक्षरी खुणा असतात, त्याही त्याला विचारा. ‘ओयूआर’ म्हणजे सगळा आकार पाठवणाऱ्याकडे, ‘एसएचए’ म्हणजे ज्याचा त्यानं, ‘बीईएन’ म्हणजे सगळा तुमच्या माथी. पुष्कळ कार्यालयांत ही खूण कुणीतरी वर्षापूर्वी केलेली असते आणि तीच पुढं चालू राहते. बिलावर नम्रपणे एक ओळ घाला : बँकेचे आकार पाठवणाऱ्याकडे. फार झालं तर ते नाही म्हणतील.

तिसरा मार्ग असा : काही सेवा तुम्हाला प्रकाशकाच्या देशातले खाते-तपशील देतात. तो आपल्या गावातल्या गावात पाठवल्यासारखे पैसे पाठवतो आणि मधल्या पेढ्या गळतात. वर्षाला बारा परदेशी बिलं असतील तर हे बघण्यासारखं आहे. इथंही चलन बदलायचा दर तपासायचाच, आणि तुमच्या देशाच्या नियमांत ते बसतं ना, हे हिशोबनीसांना विचारायचं.

आणि ते पाच मिनिटांचं अ‍ॅप. मी अ‍ॅपच्या विरोधात नाही, माझे स्वतःचे निम्मे व्यवहार फोनवर होतात. पण उघडण्याआधी एकच गोष्ट शोधा : परवाना कुणाच्या नावावर आहे? अ‍ॅप स्वतः बँक आहे, की देखणा दरवाजा लावून मागच्या दुसऱ्याच कुणाच्या घरात पैसे ठेवतं? जून २०२० मध्ये जर्मनीची वायरकार्ड ही पैशांची देवघेव सांभाळणारी कंपनी कोसळली, तेव्हा ब्रिटनमधल्या तिच्या उपकंपनीचे व्यवहार नियामकानं काही दिवस थांबवले. त्या कंपनीच्या आधारावर चालणारी अनेक अ‍ॅप्स एका शुक्रवारी बंद पडली. ज्यांनी वायरकार्डचं नावही ऐकलं नव्हतं, अशांचे पैसे अडकले. ते चार-पाच दिवसांत सुटले. अमेरिकेत २०२४ मध्ये सिनॅप्स नावाची अशीच, अ‍ॅप आणि बँक यांच्या मधली कंपनी दिवाळखोरीत गेली, तिथं मात्र महिनोन्‌महिने प्रकरण चाललं. कुणाचे पैसे कुठल्या बँकेत किती, याच्या वह्याच जुळेनात. न्यायालयानं नेमलेल्या विश्वस्तांनी तूट साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरच्या घरात असल्याचं सांगितलं. लोकांना वाटत होतं ठेवीला विमा आहे. विमा होता, पण बँक बुडाली तर. बँक बुडालीच नव्हती, बुडाला होता मधला.

तेव्हा ‘आमची भागीदार बँक विमाधारक आहे’ हे वाक्य वाचून निर्धास्त होऊ नका. अ‍ॅपमध्ये पैसे येऊ द्या, पण मुक्कामाला ठेवू नका. आठवड्याला मुख्य खात्यात वळवा.

आता तुमच्यासाठी माझा सल्ला. आधी तुमच्याच बँकेत जा आणि विचारा : माझ्या नावावर दुसरं साधं खातं काढून त्यात फक्त माझ्या कामाचे पैसे घेतले तर चालेल का? ‘चालेल’ म्हणाले तर ते ईमेलवर मागा. तोंडी ‘चालेल’ म्हणणाऱ्याची बदली होते. हे जमलं तर याहून स्वस्त काही नाही. नाही म्हणाले, तर एकट्यानं काम करणाऱ्यांसाठीचं छोटं व्यावसायिक खातं शोधा, किमान शिल्लक नसलेलं, मग महिन्याला थोडं शुल्क पडलं तरी चालेल. ५० हजारांच्या खात्याचा विचार डोक्यातून काढा.

अर्ज भरताना ‘व्यवसायाचं स्वरूप’ या रकान्यात ‘सेवा’ किंवा ‘कन्सल्टन्सी’ लिहू नका. असे मोघम अर्ज आम्ही बाजूला ठेवायचो, द्वेषानं नव्हे, तर पैसे कुठून येणार याची नोंद करणं आमच्यावर बंधनकारक होतं म्हणून. काळ्या पैशाविरुद्धचे हे दंडक जगभर बरेचसे सारखे आहेत, १९८९ मध्ये स्थापन झालेल्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटानं घालून दिलेले. तुम्ही लिहा : ‘मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं. महिन्याला ४ ते ५ बिलं. त्यांपैकी १ परदेशी प्रकाशकाचं, सुमारे ५०० डॉलर.’ सोबत एक जुनं बिल आणि तुम्ही चित्रं काढलेलं एक पुस्तक न्या. पुस्तक गंमत म्हणून सांगत नाही. समोरच्या माणसाला दिवसभर कागद दाखवतात, पुस्तक कुणी दाखवत नाही. तुमचं काम त्याला कळलं की अर्जातल्या पुढच्या चार शंका विचारल्या जात नाहीत.

प्रश्न : मी चित्रपटांची उपशीर्षकं लिहितो. ‘शून्य शुल्क’ पाहून गेल्या काही वर्षांत चार खाती उघडली, त्यातलं एकच वापरतो. बाकीची राहू दिली तर काय बिघडतं?

उत्तर : बराच काळ व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. मग ते जागं करायला ओळखीची कागदपत्रं घेऊन पुन्हा जावं लागतं. दरम्यान फोन नंबर बदलला असेल तर आणखी खेपा. शिवाय ‘शून्य’ हे कायमचं वचन नसतं. बँक शुल्क बदलू शकते, आणि कळवते त्याच पत्त्यावर जो तुम्ही चार वर्षांपूर्वी दिला होता. दोन ठेवा. एक कामाचं आणि एक अडीअडचणीचं, तेही दुसऱ्या बँकेत, म्हणजे एक थोपलं तर दुसरं चालेल. उरलेली दोन बंद करा आणि शिल्लक शून्य असल्याचं शेवटचं स्टेटमेंट जपून ठेवा. अडीअडचणीच्या खात्यातून दर तीन महिन्यांनी एखादं किरकोळ बिल भरत जा.

प्रश्न : काकू, मित्राची कंपनी आहे आणि तिचं चालू खातंही आहे. तो म्हणतो, तुझ्या ग्राहकांचे पैसे माझ्या खात्यात घे, मी तुला देत जाईन, खात्याचा खर्चच नको. माणूस सोन्यासारखा आहे. घेऊ का?

उत्तर : नको. तुमची कमाई कागदावर त्याच्या कंपनीची विक्री होईल आणि त्यावरच्या कराचं उत्तर त्याला द्यावं लागेल. बिल तुमच्या नावाचं आणि खातं कंपनीच्या नावाचं, हे पाहून ग्राहकाचा हिशोब विभाग पैसे अडवेल, आणि त्याचं ते बरोबरच असेल. त्याच्या कंपनीनं कर्ज थकवलं आणि खातं गोठलं, तर तुमचे पैसेही आत. मित्र सोन्यासारखा आहे, मान्य. पण अशा एका सोन्यासारख्या माणसाला अपघात झाला होता, तो अकरा आठवडे रुग्णालयात होता, आणि खात्यावर सही करायचा अधिकार त्याच्या एकट्याकडे होता. त्याचा मित्र दर सोमवारी आमच्या शाखेत येऊन मोबाइलवरचे जुने संदेश दाखवायचा, ‘यातले ८४ हजार माझे आहेत’ म्हणून. आम्ही त्याला पाणी द्यायचो. दुसरं काही देता येत नव्हतं.